मंगळावर राहिलेली बाई

ये गं पोरी, अशी जवळ सरक. पुण्याला राहतेस म्हणून काय झालं, मावशी बोलते तेव्हा मांडीला मांडी लावून बसल्यासारखं ऐकायचं. आणि आधी थोडं रागावून घेऊ दे. दोन हंगाम झाले, तू ब्राह्मणपुरीला आलेली नाहीस. पुस्तकांचं गाठोडं तेवढं धाडतेस, आत चिठ्ठी टाकतेस, आणि चिठ्ठीत विचारतेस, 'मावशी, सध्या काय काय वाचलंस, आणि त्यातल्या कुठल्या शास्त्राच्या गोष्टीचा बोलपट झालेला तुला आवडेल?' अगं, असलं काही चिठ्ठीत विचारतात का? हे बसून बोलायचं असतं. तू यायचं, मी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर टाकायची, तू ती तोडत बोलायचं आणि मी मध्येमध्ये तुला अडवायचं. आता सगळं मलाच लिहावं लागतंय, आणि माझं अक्षर कसं आहे ते तुला ठाऊक आहे. वाळत घातलेल्या मिरच्या वाऱ्याने पांगाव्यात तसं.

तरी सांगते. तू धाडलेली तिन्ही पुस्तकं हातावेगळी केली. एकात एक शास्त्रज्ञ गावाच्या विहिरीत झोप उडवायचं औषध टाकतो आणि सगळं गाव महिनाभर जागं राहतं. कल्पना बरी आहे. पण लेखकाने घरात कधी पाहिलेलं दिसत नाही. सगळं गाव रात्रंदिवस जागं, म्हणजे मध्यरात्रीही भूक लागणार. मग त्या भाकऱ्या कोणी थापल्या, यावर अख्ख्या पुस्तकात एक ओळ नाही. दुसरं, ढगांना नळ लावून पाऊस उतरवणाऱ्या यंत्राचं. ते मला फार आवडलं. त्यातली यंत्राच्या चाकात चिखल अडकतो ती जागा मी दोनदा वाचली. तिसरं पुस्तक सहाव्या पानावर मिटलं. पाच पानं शास्त्र चाललं होतं आणि सहाव्या पानावर एका साधूने राख फुंकली. असं कोणी केलं की मला ताटात केस निघाल्यासारखं होतं.

आता बोलपटाचं. त्या ढगाच्या नळाचा बोलपट निघणार असं ऐकलंय, वर्गातल्या मुली खूष आहेत, असं तू लिहितेस. असू देत खूष. मी ती ओळ वाचली आणि मला शिसारी आली. तू म्हणशील, मावशी म्हातारी झाली, तिला काहीच नवीन नको असतं. तसं नाही गं. एकदा मीच बोलपटाची वाट तुझ्या मैत्रिणींपेक्षा जास्त पाहिली होती. ते तुला कधी सांगितलं नाही, कारण आठवलं की अजून तोंड कडू होतं.

ही जर्मनीची लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. तेव्हाही आमची मिरची असायची. पथारी तुला माहीत आहे, मैत्रिणींना सांग: लाल मिरची उन्हात पसरायची मोकळी, सारवलेली जागा. मिरची वाळली की बायका ढीग घेऊन बसतात आणि एकेका मिरचीचा देठ खुडतात. दिवसभर तेच. बोटं जळतात, नाक गळतं, आणि जीभ मोकळी असते म्हणून सगळ्या घरांची उणीदुणी निघतात.

मी शाळा पाहिलेली नाही. अक्षरं शिकले ती गोण्यांवरून. मिरचीच्या गोण्यांवर काळ्या रंगात मोठी मोठी अक्षरं छापलेली असायची, ती विचारत विचारत जुळवली. मराठीही मला पुस्तकांनीच शिकवली, घरात आमची सगळ्यांची अहिराणी. पुढे गावातल्या शाळेच्या मास्तरांच्या बायकोशी मैत्री झाली आणि त्यांच्याकडे येणारं मासिक माझ्या हाती लागलं. ते मी एक दिवस पथारीवर नेलं, नुसतं चित्र दाखवायला. बायका म्हणाल्या, वाच. वाचलं. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, पुढचं वाच.

तेव्हापासून आमच्या पथारीवर एक रीत पडली. वाचणारीने मिरचीला हात लावायचा नाही. कारण सरळ आहे. पान उलटायला बोट जिभेला लावायची सवय, आणि तिखट पान पुढच्या हातात गेलं की तो हात कुठे जाईल सांगता येत नाही. मग वाचणारीच्या वाट्याचा ढीग दुसरीने खुडायचा. माझा ढीग माझ्या थोरल्या जाऊबाईंनी घेतला. त्यांना मी बाई म्हणते, त्या मला धाकली म्हणतात. तेव्हा त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता. दोन ढीग खुडायच्या, स्वतःचा आणि माझा, आणि कधी बोलून दाखवलं नाही. एवढंच म्हणायच्या, "तू सावकाश वाच. मन्हं ध्यान हातवर नही, तुन्हा तोंडवर शे."

त्या मासिकात एक लांब गोष्ट चालली होती. दर अंकात एक तुकडा. एक यंत्र बनवणारा गृहस्थ, त्याचा डॉक्टर मित्र आणि त्याची बायको असे तिघं एका लोखंडी गोळ्यात बसून मंगळावर जातात. गोळ्याला बायकांनी पहिल्याच दिवशी भोपळा नाव ठेवलं. मंगळावर सगळं हलकं. भरलेली घागर करंगळीला अडकवून चालता येते. परातीत पीठ घेतलं तर ते धुक्यासारखं वर तरंगतं. हे मी वाचलं आणि देठ खुडणारे सगळे हात थांबले.

"पीठ उडस त ती भाकर कशी थापस वं?" एकीने विचारलं.

"तवावर झाकण ठेवत व्हई," दुसरी म्हणाली.

"मन्ही सासूबी तठे हलकी व्हई का?"

"वजन हलकं व्हई. जीभ नही."

असं चालायचं. पण एक सांगते, त्या बायकांनी त्या गोष्टीत जेवढं शास्त्र शोधलं तेवढं मास्तरांनीही शोधलं नसेल. पाणी हलकं तर तहान भागते का, चूल पेटली तर धूर कुठे जातो, मंगळावर मिरचीचा ठसका लागतो की नाही, असलं सगळं त्यांनी मला विचारलं आणि मी मास्तरांना विचारून यायची. मास्तर डोकं खाजवायचे.

शेवटून दुसऱ्या अंकात असं झालं. परत निघायची वेळ आली आणि हवेचा साठा दोघांपुरताच उरला. शिवाय गोळ्याच्या दाराची कडी बाहेरून लावावी लागायची. नवरा म्हणाला, मी राहतो. डॉक्टर म्हणाला, मी राहतो. पण यंत्र चालवायला दोघंही हवेत. तेव्हा ती बाई बाहेर उतरली, म्हणाली, तुम्ही जा, मी कडी लावते, आणि तिने कडी लावली. तिच्याजवळ पखालीत भरलेली थोडी हवा होती. गोळा वर गेला. ती लाल मातीत उभी राहून वर बघत राहिली. आणि खाली कंसात छापलेलं, अपूर्ण.

"अपूर्ण म्हंजे काय?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे पुढच्या अंकात."

"मंग पुढला अंक आन."

पुढचा अंक आलाच नाही. मास्तरांची बदली झाली. ओझं नको म्हणून मागचे दहा अंक ते मला देऊन गेले आणि अकरावा त्यांच्या मागोमाग कुठे गेला देव जाणे. पावसाळा गेला, कपाशी झाली, बाजरी झाली. बाई अधूनमधून विचारायच्या, ती बाई वापस उनी का नही? मी म्हणायची, ठाऊक नाही. त्या म्हणायच्या, "कडी लावनारीले कोनीतरी घेवाले जावाले पाहिजे." एवढंच. एखाद्या शेतावर माणूस विसरून आल्यासारखं बोलायच्या.

मग मार्गशीर्षात सारंगखेड्याची दत्ताची यात्रा भरली. आमच्या गल्लीतला एक जण पहिल्याच दिवशी घोडे पाहून आला आणि म्हणाला, तंबूतला सिनेमा आलाय, बाहेर मोठा फळा रंगवलाय, लाल डोंगर, आकाशात गोळा आणि डोंगरावर उभी एक बाई.

पोरी, मी काय केलं ते ऐक आणि मला हवं तर शिव्या दे. मी पथारीवर जाऊन सगळ्यांसमोर छातीठोकपणे सांगितलं, आपल्याच गोष्टीचा बोलपट आहे. शेवट तिथे दिसेल. शब्द दिला मी. पीठ तरंगताना दिसेल, घागर करंगळीला दिसेल, आणि ती बाई परत येते का तेही दिसेल. बाईंना तर मी वेगळं धरून सांगितलं. त्यांचा एक डोळा गेलाच होता, दुसऱ्याने उजेड आणि आकार कळायचे. त्या म्हणाल्या, "पुढला साल मन्हा डोया ऱ्हातीन का नही, आत्तेच चाल." घरात कटकट झाली. बाईंनी एका वाक्यात मिटवली: दत्ताचं दर्शन घ्यायचंय.

दोन गाड्या जोडल्या. सकाळी न्याहारीपर्यंत मिरची खुडली आणि तशाच निघालो. इथे आमची चूक झाली. मिरचीचं तिखट पाण्याने जात नाही. तेल चोळायचं, मग राखेने घासायचं, तरी संध्याकाळपर्यंत त्या हाताने डोळ्याला शिवायचं नाही, हे आमच्याकडे लहान मुलीलाही माहीत असतं. त्या दिवशी घाईत एकीनेही तेल चोळलं नाही. मी आदल्या दिवसापासून हौसेने बाईंचा ढीग खुडत होते, म्हणून माझेही हात तसलेच.

दर्शन घेतलं आणि दिवेलागणीच्या खेळाला तंबूत शिरलो. बायकांची बाजू वेगळी, मध्ये कापड बांधलेलं, खाली तापीची वाळू. बाहेर इंजिन धडधडत होतं आणि त्याचा सगळा धूर आमच्याच बाजूला. मी बाईंना पुढे बसवलं, त्यांच्या कानाशी तोंड नेऊन बसले, जे दिसेल ते सांगायला.

काय सांगायचं होतं? गोळा दिसला, तो फळ्यावर होता तेवढाच. वर जाताना त्याची दोरी दिसत होती. आणि त्यात बाई नव्हतीच. नवऱ्याने तिला घरी ठेवलं होतं. मंगळावर उतरल्याबरोबर तागाची दाढी लावलेला एक राजा आला, त्याने टाळी वाजवली, आणि पाठीला पंख बांधलेल्या सोळा पोरी नाचायला लागल्या. फळ्यावरची बाई ती हीच, नाचणारी. कमरेला झिरमिरीत काहीतरी गुंडाळलेलं, आणि पुरुषांच्या बाजूने शिट्ट्या. राजा म्हणाला, माझ्या मुलीशी लग्न कर. इकडे पृथ्वीवर बायको झोपाळ्यावर बसून गात होती. एक गाणं, दुसरं गाणं. मग ती वडाला फेऱ्या घालायला लागली, आणि त्या फेऱ्यांच्या पुण्याईने मंगळावरचा गोळा आपोआप सुटला आणि अंगणात येऊन पडला. नवरा उतरला. ती पाया पडली. झालं.

मला काय वाटलं ते कसं लिहू? शास्त्राच्या नावाखाली पंख आणि दाढ्या. कडी लावून मागे राहिलेल्या बाईला ह्यांनी झोपाळ्यावर बसवलं. वर तिलाच पाया पडायला लावलं.

त्या नाचाच्या मध्येच एका पंखवालीने खांद्यावरून घागर उतरवून ठेवली. बाईंनी माझा हात दाबला.

"घागर खाले ठेवी का तिनी?"

"हो."

"आवाज जड उना. हाऊ मंगळ नही वं, धाकली."

त्यांना धड काही दिसत नव्हतं, पोरी, पण डोळे असलेल्या दोनशे माणसांत तेवढं एकट्या त्यांना कळलं. ज्याने बोलपट काढला त्यालाही कळलं नव्हतं.

तेवढ्यात धुराने डोळे चुरचुरले म्हणून एकीने डोळा चोळला. मग दुसरीने. मग आपोआप तिसरीने. आणि मग जे झालं ते तुला कळलंच असेल. आमची सगळी रांग धारा लावून बसली. नाकं ओढतोय, पदर तोंडात कोंबतोय, "पानी दे वं माय, पानी दे," चाललंय. तंबूचा मालक बॅटरी घेऊन आला, आमच्या तोंडावर उजेड पाडला, आणि त्या माणसाचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू. तो तसाच बाहेर धावला आणि भोंग्यातून ओरडायला लागला, आया-बहिणी ढसढसा रडताहेत, पाषाणालाही पाझर फोडणारा बोलपट, दुसऱ्या खेळाला चला. बाहेर गर्दी वाढलेली आम्हाला आत ऐकू येत होती. आमच्या डोळ्यांतल्या मिरचीवर त्याने तंबू भरला. मी उठून सांगायला जाणार होते, पण डोळेच उघडत नव्हते. ह्या गोष्टीची मला जेवढी किळस आहे तेवढी त्या राजाच्या दाढीचीही नाही.

परतताना गाडीत मागून एक जण म्हणाली, "धाकलीनी गोष्ट व्हती ना ही?" आणि कोणी हसलंही नाही. त्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी पथारीवर मी गुपचूप स्वतःचा ढीग ओढला आणि खुडायला बसले. मला कोणी वाच म्हणालं नाही. मी समजले, आपली वाचणारीची जागा गेली. खोटा शब्द देणारीचा ढीग दुसरीने का खुडावा? दुपारपर्यंत असंच चाललं. मग बाई हाताने चाचपत आल्या, माझ्या पुढचा ढीग पदरात ओढून घेतला आणि म्हणाल्या, "तू वाच."

"काय वाचू बाई? शेवट नाहीच."

"पहिलेपाईन वाच. आमना मंगळ त्या लोकेस्नी खराब करी टाका, तो धुवा पडी."

मी हात तेलाने चोळले, राखेने घासले आणि पहिल्या अंकापासून वाचलं. भरलेली घागर करंगळीला आली तेव्हा सगळ्या एकदम बोलायला लागल्या. नंतर प्रत्येक हंगामात ती दहा अंकांची गोष्ट एकदा वाचायचीच, असं झालं. पानं आता पापडासारखी झालीत. आणि दरवेळी गोळा वर गेला, ती बाई लाल मातीत उभी राहिली, की आमच्या बाई विचारतात, पुढे?

आता ह्या खेपेच्या गाठोड्याचं ऐक. पुस्तकांना कोपरे मोडू नयेत म्हणून तू भोवती जुनी मासिकं गुंडाळलीस. तुला पत्ता नाही तू काय धाडलंस ते. सर्वांत खालचा, तो अकरावा अंक होता.

मी तो चुलीपुढे उभ्याउभ्या वाचला. आणि माझ्या हातून तवा उतरवायचा राहिला, भाकर जळली. काय होता माहीत आहे शेवट? ती बाई मंगळावर वर बघत उभी आहे, आणि तेवढ्यात तिच्या खांद्याला नवरा हलवतो. ती माजघरात पाटावर डुलकी घेत होती. सगळं स्वप्न. नवरा हसतो, म्हणतो, बायकांनी शास्त्राची पुस्तकं वाचली की असं होतं, ऊठ, चहा टाक. आणि ती लाजून चहा टाकते. समाप्त.

तंबूवाल्याला मी इतकी वर्षं शिव्या दिल्या. तो निदान अडाणी होता. हा तर लिहिणारा. ह्याने स्वतःच्या हाताने दहा महिने तिला एवढं उंच नेलं, तिच्याकडून कडी लावून घेतली, आणि मग चहा टाकायला लावला. हा अंक चुलीत घालावा असं दोनदा मनात आलं. बाईंना काही सांगूच नये असंही आलं. त्यांना आता काहीच दिसत नाही. त्या बोटांनी देठ खुडतात, आणि डोळसांपेक्षा भरभर. अंक आला हे त्यांना कळलं नसतं.

पण त्यांनी गाठोडं सोडतानाचा आवाज ऐकला होता. "जुना कागद वाजना," म्हणाल्या. "काय शे त्यामा?"

मी शब्द एकदा खोटा करून बसलेली बाई. दुसऱ्यांदा नको म्हणून मी पथारीवर त्यांच्याजवळ बसले आणि तो शेवट जसा छापलाय तसा, चहापर्यंत, वाचून दाखवला. त्यांचे हात चालूच होते. वाचून झालं तरी खुडत राहिल्या. मला वाटलं, रडतील, नाहीतर म्हणतील, जाऊ दे. त्या म्हणाल्या,

"हाऊ कागद त्या गोष्टना नही. कोनी दुसऱ्या गोष्टनं शेपूट लायी दिन्हं."

"बाई, तीच गोष्ट आहे. नाव तेच आहे वर."

"नाव काय, कोनी बी लिखस. कडी लावाले जी उतरनी, ती सपनामा नही उतरनी. तुन्ही भाची शिकेल शे ना? तिले सांग, बराबर शेवट लिखीसन आन म्हना. अन् आठे यीसन वाच म्हना."

"मी लिहिते की."

"तू नको. तुन्हा आवाज माले मालूम शे. तू घाबरीसन वाचशी."

तर असं आहे. तू विचारलंस, कुठल्या गोष्टीचा बोलपट व्हावा. ह्याच गोष्टीचा व्हावा, पण आधी तिचा शेवट कोणीतरी नीट लिहावा. तो कसा असावा ते मी सांगत नाही, तू लिही. फक्त त्यात पीठ तरंगू दे, घागर ठेवली तर पिसाएवढाही आवाज होऊ देऊ नकोस, आणि कोणाला तरी तिला घ्यायला जाऊ दे. कोण जातं, कशात बसून जातं, हवा कशी पुरते, ते शास्त्राने बसव. राख फुंकू नकोस. तुझी ओळख असेल तर ते पुढे बोलपटवाल्यांना दे. नसेल तर राहू दे, पथारी आहेच.

पण बाईंची तब्येत आता काही खरी नाही, म्हणून पुढच्या हंगामावर टाकू नकोस. मिरची पसरलीय. फाल्गुनाच्या आत ये. तुझा ढीग बाई खुडणार आहेत, त्यांनी आजच बाजूला काढून ठेवलाय. आल्या आल्या हात तेलाने चोळ, आणि मी सांगेपर्यंत डोळ्याला लावू नकोस.